एक मूळ, अनेक घरे

येळ्ळूर हे नाव लिहिताना लेखणीला ळ दोनदा काढावा लागतो. बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावच्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही. बेळगाव, बेळगुंदी, सुळगा, बाळेकुंद्री ही भोवतालची नावेही त्याच अक्षराच्या आधाराने उभी आहेत. परंतु हाच ळ काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे कोडे होऊन उभा राहिला, आणि ते सोडविता सोडविता संगणकाच्या इतिहासातील एका फारशा न सांगितल्या गेलेल्या प्रकरणापर्यंत मला जावे लागले. तेच प्रकरण आज सांगावयाचे आहे.

सीमाभागातील एका लहानशा ग्रंथालयाची पुस्तकयादी संगणकावर चढविण्याचे काम आम्ही चार-पाच मंडळींनी अंगावर घेतले होते. यादी छापून हाती आली तेव्हा तेथील वृद्ध ग्रंथपालांनी ती दोन मिनिटे न्याहाळली आणि विचारले, “अहो, ‘काळ’ हा ‘कावळ्या’च्या आधी कसा आला?” प्रश्न रास्त होता. मराठी शब्दकोश ज्याने चाळला आहे त्याला ठाऊक असते की, कावळा, काष्ठ, कासव, काहूर हे सारे होऊन गेल्यावर मग काळ येतो. कारण आपल्या वर्णमालेत य र ल व श ष स ह यांच्या मागून ळ येतो. आमच्या यादीत मात्र ळ हा ल च्या शेजारी जाऊन बसला होता. महिन्यांची नावेही इंग्रजीत उमटली होती. आम्ही प्रथम यादी करणाऱ्या प्रोग्रॅमला दोष दिला. पण तो निर्दोष निघाला. दोष होता तो ज्या पायावर तो प्रोग्रॅम उभा केला होता त्या पायाचा. तो पाया आम्ही बांधलेला नव्हता. तयार साचा म्हणून उचलून आणला होता.

हा साचा म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आज जगातील बहुतेक मोठ्या संगणकांवर लिनक्स नावाची प्रणाली चालते, आणि एकाच यंत्रावर अनेकांची कामे एकमेकांच्या दृष्टीआड चालावीत म्हणून ती कामे कंटेनर नावाच्या आभासी पेट्यांत ठेवतात. प्रत्येक पेटीतील प्रोग्रॅमला वाटते की सारे यंत्र आपलेच आहे. त्याला लागणाऱ्या फाइली, ग्रंथिका, हत्यारे, नियम यांचा एक वृक्ष त्याच्यापुढे मांडलेला असतो आणि त्या वृक्षाच्या मुळाला इंग्रजीत रूट असेच म्हणतात. आता शंभर पेट्या असतील तर हा वृक्ष शंभर वेळा लावावयाचा काय? जागा वाया जाईल आणि निगा राखणेही अशक्य होईल. म्हणून एक वृक्ष नीट सिद्ध करून गोठवून ठेवतात; सर्व पेट्या त्याच्यावरून वाचतात, आणि ज्याला जे बदलावयाचे असेल ते तो आपल्या स्वतंत्र थरात लिहितो.

जुन्या वाड्यांतून राहिलेल्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटू नये. वाड्यात विहीर एक असे, चुली अनेक असत. विहिरीचे पाणी सर्वांनी भरावयाचे, पण विहिरीत कोणी काही मिसळावयाचे नाही. फोडणी आपापल्या चुलीवर द्यावयाची. सारा इतिहास म्हणजे विहीर कोठे संपते आणि चूल कोठे सुरू होते, याची सीमारेषा शोधण्याचा इतिहास आहे.

युनिक्स या प्रणालीचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. या प्रणालीत सर्व फाइली एकाच मुळापासून फुटलेल्या असतात. १९७९ साली निघालेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ नावाची एक छोटीशी आज्ञा आली. तिचा अर्थ एवढाच : एखाद्या प्रोग्रॅमपुढे वृक्षाची एक फांदीच मूळ म्हणून ठेवावयाची. त्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने फांदीबाहेरचे जग उरत नाही. पुढे १९८२ मध्ये बर्कली येथे बिल जॉय यांनी हीच सोय तेथील युनिक्समध्ये आणली. नवी आवृत्ती जुन्या फाइलींना धक्का न लावता उभारून तपासता यावी, हा तेथील हेतू होता. कोणाला कोंडून ठेवण्यासाठी ही आज्ञा प्रथम योजिली नव्हती. तिने स्वच्छ अंगण मिळत होते. आणि ज्याला स्वच्छ अंगण हवे त्याला त्या अंगणात काय काय असले पाहिजे याची यादी करावीच लागते. साचा बांधण्याच्या विद्येचा उगम या यादीत आहे.

त्याच वर्षी, १९८२ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांत बिल जॉय होते आणि पुण्यात जन्मलेले विनोद खोसलाही होते. त्या काळी चकती ही वस्तू महाग असे. म्हणून या कंपनीने बिनचकतीची यंत्रे काढली. ती आपल्या सर्व फाइली जाळ्यावरून मध्यवर्ती यंत्राकडून मागून घेत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एनएफएस या पद्धतीने ते सुकर झाले. पण लगेच अडचण उभी राहिली. वीस यंत्रांनी एकच वृक्ष वापरावयाचा तर प्रत्येकाची नोंदवही, प्रत्येकाचे टपाल, प्रत्येकाचे नाव कोठे लिहावयाचे? १९८८ मध्ये या कंपनीने आपल्या प्रणालीची चौथी आवृत्ती काढताना फाइलींची मांडणीच नव्याने केली. जे सर्वांचे आणि न बदलणारे ते ‘यूएसआर’ या कप्प्यात, आणि जे रोज बदलणारे ते ‘व्हार’ या कप्प्यात. सर्वांनी यूएसआर केवळ वाचावा, प्रत्येकाने आपला व्हार लिहावा. विहीर आणि चूल यांची वाटणी येथे प्रथमच कागदोपत्री झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि पाहता पाहता त्याच्या निरनिराळ्या संहिता निघाल्या. प्रत्येकाने फाइली आपल्या मनाप्रमाणे ठेविल्या तर सामायिक असे काही उरणार नाही, हे ओळखून १९९४ मध्ये मांडणीचे एक प्रमाण तयार करण्यात आले. त्यातील विचार मोठा सुबक आहे. प्रत्येक फाइलीला दोन प्रश्न विचारावयाचे : ही दुसऱ्याला वाटून देता येईल की नाही? आणि ही स्थिर आहे की बदलणारी? जी वाटता येते आणि स्थिर आहे तीच साच्यात जावयाची. हे दोन प्रश्न आजही साचा बांधणाऱ्याने प्रत्येक फाइलीपुढे उभे राहून विचारावे लागतात.

२००० सालापासून या कथेला वेग आला. त्या वर्षी फ्रीबीएसडी या युनिक्सच्या शाखेत पोल-हेनिंग काम्प यांनी रचलेली ‘जेल’ ही व्यवस्था प्रसिद्ध झाली. फाइलींचा वृक्ष, माणसे आणि जाळे या तिन्ही बाबतींत एक पेटी दुसरीपासून वेगळी झाली. २००१ मध्ये जाक जेलिना यांनी लिनक्ससाठी व्हीसर्व्हर हा प्रकल्प सुरू केला. यात सामायिक मुळाची युक्ती फार चतुर होती. युनिक्समध्ये एकाच मजकुराला अनेक नावे देता येतात. नावे दहा वृक्षांत असली तरी चकतीवर मजकूर एकदाच असतो. व्हीसर्व्हरने अनेक पेट्यांतील सारख्या फाइली शोधून त्यांना अशा रीतीने एका मजकुरावर आणले. पण मग एका पेटीने फाइल बदलली तर दहाही पेट्यांत ती बदलणार! यावर तोडगा असा काढला की, त्या फाइलीवर एक खूण ठेवावयाची : या मजकुरात कोणालाही खाडाखोड करता येणार नाही; मात्र ज्याला तो नको असेल त्याने आपल्या वृक्षातून त्याचे नाव काढून टाकावे आणि तेथे स्वतःची फाइल ठेवावी. सामायिक वस्तूवर कोणाचाही हात नाही, पण स्वतःपुरते वेगळे होण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असा हा निवाडा होता.

२००५ मध्ये सनच्या सोलारिस प्रणालीच्या दहाव्या आवृत्तीत ‘झोन’ आले. त्यांतील एका प्रकारात पेटीला स्वतःचे असे फार थोडे दिले जाई. मोठे मोठे कप्पे यजमानाकडून, केवळ वाचण्यापुरते, उसने मिळत. त्याच वर्षी ओपनव्हीझेड हा प्रकल्प खुला झाला, आणि ‘टेम्प्लेट’ हा शब्द यंत्रे भाड्याने देणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात रुळला. शेवटचा दुवा होता थरांचा. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत आणि वरून पाहणाऱ्याला एकच चित्र दिसावे, तसे फाइलींचे अनेक वृक्ष एकावर एक ठेवून त्यांचा एक वृक्ष दाखवावयाचा. खालचा कागद गोठलेला. लिहिणे सर्वांत वरच्या कागदावर. खालची फाइल बदलावयाची झाली की तिची नक्कल वर आणावयाची आणि नक्कल बदलावयाची. पुसावयाची झाली की वर तिच्या जागी ‘येथे काही नाही’ अशी खूण ठेवावयाची. अशा रचना अनेकांनी केल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉकरने थरांची ही कल्पना घराघरांत पोहोचविली, आणि मिक्लोश सेरेदी यांची ओव्हरलेएफएस ही रचना २०१४ च्या डिसेंबरात लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाली.

आता असा साचा प्रत्यक्ष बांधतात कसा? कृती लांबलचक नाही. रिकाम्या कप्प्यात प्रणालीचा किमान संच उतरवावयाचा. डेबियन या संहितेत त्यासाठी डीबूटस्ट्रॅप नावाचे हत्यार आहे. मग सीएचरूटने त्या कप्प्यात शिरून लागतील त्या वस्तू बसवावयाच्या. त्यानंतरचे काम म्हणजे साफसफाई, आणि खरी परीक्षा तेथेच असते. उतरवून घेतलेली गाठोडी फेकावयाची, नोंदवह्या कोऱ्या करावयाच्या. यंत्राचा ओळखक्रमांक आणि गुप्त किल्ल्या कटाक्षाने पुसावयाच्या. कारण त्या राहिल्या तर त्या साच्यातून निघालेल्या शंभर घरांना एकच कुलूपकिल्ली लागते. शेवटी सारे गुंडाळून त्यावर मुद्रा उमटवावयाची आणि मग त्याला हात लावावयाचा नाही. नंतर सुधारणा हवी असेल तर नवा साचा काढावयाचा; जुना दुरुस्त करीत बसावयाचे नाही.

सामायिक मुळाचे दोष किती दूर जातात याची दोन उदाहरणे इतिहासात नोंदली गेली आहेत. २००६ च्या सप्टेंबरात डेबियनमधील ओपनएसएसएल या सांकेतिक लेखनाच्या ग्रंथिकेतून, तपासणीचे हत्यार तक्रार करते म्हणून, दोन ओळी गाळण्यात आल्या. गाळणाऱ्याचा हेतू स्वच्छतेचाच होता. पण त्या ओळींबरोबर यदृच्छेचा सारा झराच आटला. त्यानंतर त्या ग्रंथिकेने घडविलेल्या किल्ल्या, प्रत्येक प्रकारात, अवघ्या ३२,७६८ शक्यतांतून निवडल्या जाऊ लागल्या. ही गोष्ट जाहीर झाली १३ मे २००८ रोजी. तोपर्यंत त्या मुळावर उभ्या असलेल्या असंख्य यंत्रांनी दुबळी कुलपे लावून घेतली होती. दुसरे उदाहरण २०१९ सालचे. अल्पाइन हा अवघ्या काही मेगाबाइटांचा अत्यंत लोकप्रिय साचा. त्याच्या २०१५ च्या डिसेंबरापासूनच्या डॉकर-आवृत्त्यांत सर्वाधिकारी वापरकर्त्याचा परवलीचा शब्द रिकामा राहिला होता, असे त्या वर्षी मे महिन्यात उघडकीस आले. विहिरीत एक थेंब पडला की तो प्रत्येक घागरीत येतो, हे वाड्यातल्या बायाबापड्यांना शिकवावे लागत नसे. यंत्रविद्येला ते अनुभवाने शिकावे लागले.

परंतु साच्याचा दोष नेहमी त्यात काय राहिले याचाच असतो असे नाही. काय काढून टाकले, हाही दोष असू शकतो, आणि आमच्या यादीचे कोडे येथे सुटते. साचा लहान असावा, चटकन उतरावा, म्हणून बांधणारे कात्री लावतात. प्रथम पुस्तिका जातात, मग दस्तऐवज जातात आणि त्यांच्याबरोबर जातात त्या भाषा. डेबियनच्या ‘स्लिम’ म्हणविणाऱ्या साच्यांत भाषांतरांचा कप्पा वगळलेला असतो. कित्येक छोट्या साच्यांत युनिकोडचे क्रमनियम सांगणारी ग्रंथिकाही नसते. कोणाचा द्वेष म्हणून हे होत नाही; जागा वाचविण्याचा हिशेब असतो एवढेच. पण त्या हिशेबात वाराची नावे, महिन्यांची नावे, अंक आणि वर्णक्रम सांगणारी मराठीची नियमावली गळून पडते. मागे उरते ती केवळ अक्षरांना दिलेल्या क्रमांकांची रांग. प्रोग्रॅम बिचारा ती रांग हाच वर्णक्रम समजतो.

ती रांग तरी अशी का, याचे उत्तर पुन्हा एका सामायिक साच्यात आहे, आणि तो आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जिस्ट हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत आकारास आले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले. त्याच परंपरेत ‘इस्की’ हे प्रमाण तयार झाले. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने त्याला मान्यता दिली. त्याची कल्पना फार उदार होती : ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांसाठी आसनांची एकच रांग, लिपी बदला, अक्षर त्याच आसनावर मिळेल. या रांगेत ळ ला ल च्या शेजारचे आसन मिळाले. १९९१ मध्येच निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने १९८८ सालच्या इस्कीची मांडणी पुढे चालविली आणि प्रत्येक लिपीला स्वतंत्र दालन दिले, तरी दालनातील आसने तीच ठेविली.

येथे सीमाभागातील माणसाने क्षणभर थांबावे अशी एक गोष्ट आहे. देवनागरीच्या दालनात शून्यापासून मोजले तर ळ चे आसन ५१ वे. कन्नडच्या दालनात शून्यापासून मोजले तर कन्नड ळ चे आसनही ५१ वेच. गुजराती, तेलुगू, तमिळ यांचेही तेच. आणि कन्नड वर्णमाला म्हणून पाहा : तीही य र ल व श ष स ह होऊन ळ वर संपते. म्हणजे सामायिक रांगेने जी गैरसोय मराठीची केली तीच कन्नडची केली. येळ्ळूरच्या नावफलकावरून २०१४ च्या जुलैत या गावाने जे दिवस पाहिले ते येथे पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. गावाचे नाव कोणत्या अक्षरांत आणि कशाखाली लिहावे हा प्रश्न माणसांना किती जिव्हारी लागतो, हे त्या वेळी दिसले. परंतु फलकावर भांडणाऱ्या दोन्ही भाषांचा ळ यंत्राच्या पोटात एकाच क्रमांकाच्या आसनावर बसला आहे आणि दोघांनाही ते आसन चुकीचेच आहे, ही गोष्ट मला तरी विचार करावयास लावते.

मग उपाय काय? सामायिक मूळ मोडावे काय? मुळीच नाही. रांग बदलली तर जगभरातील लिहिलेला मजकूर वाचता येणार नाही. साचा लठ्ठ करून जगातील सर्व भाषा त्यात कोंबल्या तर तो साचाच राहणार नाही. वर सांगितलेला पन्नास वर्षांचा इतिहास आपल्याला तिसरा मार्ग दाखवितो : खालचा थर सर्वांचा, म्हणून त्याला हात लावावयाचा नाही, आपले जे आहे ते आपण आपल्या थरात लिहावयाचे. युनिकोडच्या सामायिक संग्रहात मराठीचा वर्णक्रम नोंदलेला आहे, आणि तेथे ळ हा ह नंतरच आहे. आम्ही तो आमच्या थरात बसविला, महिन्यांची मराठी नावे आणली, आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले व रेड हॅटने २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले लोहित टंकही त्यात ठेविले. थर अगदी लहान झाला. यादी पुन्हा छापली. ग्रंथपालांनी ‘कावळा’ शोधला, मग ‘काहूर’, मग ‘काळ’. आणि काही न बोलता ती कपाटाच्या दाराला लावून टाकली.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. तो थर आपोआप येत नाही. साचा बांधणारा माणूस बहुधा दूर देशी असतो, त्याला येळ्ळूर ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची अपेक्षाही करता येत नाही. त्याने काय वगळले हे त्याने सांगावे, एवढे त्याचे कर्तव्य. वगळलेले परत आणणे हे आपले. आम्ही ती गोष्ट ग्रंथपालांनी विचारीपर्यंत केली नव्हती. तयार साचा उचलून त्यावर घर उभे करणाऱ्याने त्या साच्यात आपली भाषा आहे की नाही हे पहिल्या दिवशीच पाहावे. आणि पाहावयाची युक्ती सोपी आहे. येवला आणि येळ्ळूर ही दोन नावे यंत्राला द्यावीत आणि क्रमाने लावावयास सांगावे. येळ्ळूर मागून आले तर समजावे की या घरात मराठीची चूल पेटलेली आहे.